पल्याडच्या काठानं

बाईमाणसानं गावात रिकाम्या हातानं चालू नये. कुठं लिहिलेलं न्हाई हे, पर चालून बगा एकदा. मारुतीच्या देवळापास्नं वढ्यापतूर जाईस्तोवर चार जण तरी इचारत्यात, "कुठं निघालासा, बनुबाई?" आता कुठं न्हाई, उगंच पाय मोकळं करायला, असं म्हणलं की त्यांची तोंडं बगण्यासारखी हुत्यात. म्हातारीला चळ लागला, असं पाठीमागं बोलत्यात. म्हणून मी हातात इळा घेते आन् खांद्यावर एक फडकं टाकते. गवताला चालली म्हणलं की सगळी गप. माझ्या गोठ्यात म्हैस न्हाई हे साऱ्या गावाला ठावं हाय, तीन वर्सामागंच इकली. तरी इळा दिसला की लोकांचं समाधान हुतं. जळ्ळी मेली ही रीत!

चालायला सांगितलं वाईच्या डॉक्टरनं. म्हणला, "आजी, साखर वाढलीय, रोज तासभर चालायचं." मी म्हणलं, "आरं लेका, जन्मभर चाललेच की, डोक्यावर पाटी घिऊन." तर हसला आन् म्हणला, "आता पाटी न घेता चाला." त्याला काय जातंय बोलायला!

पर खरं सांगू का, साखर हा बहाणा. घरात बसवत न्हाई. आमचं मालक, लालासाहेब, फौजेत सुभेदार व्हते. पेन्शन घिऊन आले, बारा वर्सं ऊस केला आन् एका सकाळी चहा पिता पिता गेले. नऊ वर्सं झाली त्याला. एकुलता एक वीरधवल, तोबी फौजेत. बायको-पोरं घिऊन तिकडं राजस्थानात क्वार्टरमधी राहतो. ऐतवारी फोन येतो. "आई, जेवलीस का?" "जेवले." "औषध घेतीस ना?" "घेते." बास, झालं बोलणं. मग सोमवारपास्नं शनवारपतूर मी आन् भिंती. कवा कवा मी भाकरीसंगं बोलते, आता काय सांगायचं तुमाला.

तर माझी वाट अशी. घरामागनं पांदीनं खाली उतरलं की वढा लागतो. डोंगरावरनं येतो तो, आन् आमच्या रानाच्या टोकाला कृष्णेला मिळतो. काठानं करंजं हाईत, दोन उंबर हाईत, घाणेरी तर इचारू नका. सकाळचं पाण्यावर धूर असतो. खंड्या एकाच फांदीवर बसलेला असतो, त्याला जणू कुणी सातबाऱ्यावर लिहून दिलीय ती फांदी. मी हळूहळू जाते. दगडावर बसते, पाण्यात पाय सोडते, मासुळ्या पायाला लुचत्यात तवा बरं वाटतं. कुणीतरी हात लावला म्हणून बरं वाटतं, दुसरं काय.

आन् वढ्याच्या पल्याड, त्या काठानं, अंजना चालती.

अंजना माझी धाकटी जाऊ. वाटण्या झाल्या तवा वढा हीच हद्द धरली. अल्याडचं थोरल्याला, पल्याडचं धाकट्याला. भांडण न्हाई, तंटा न्हाई, दोघं भाऊ एका ताटात जेवून उठले त्या दिशी. भावजींनी पल्याड वस्तीवर घर बांधलं. मधी वढ्यावर फरशी हाय, गुडघाभर पाण्यातनं ट्रॅक्टर जाईल अशी. त्या फरशीवरनं दिवसातनं धा येळा आमची ये-जा. हिकडं कोरड्यास कमी पडलं की ती आणायची, तिकडं पावणे आले की मी भाकऱ्या टाकायला जायची.

तेरा वर्सं झाली, मी त्या फरशीवर पाऊल ठेवलं न्हाई.

चूक माझी. आता सरळ सांगते, तवा तोंडातनं निघत नव्हतं. वीरधवलचं लगीन. भावजी जाऊन आठ महिने झालेले, हार्टफेल. अंजनाचं कपाळ मोकळं. पर लग्नाची सारी हळद तिनं केली. तिच्याच रानातली, तिनं शिजवलेली, वाळवलेली, जात्यावर दळलेली. आन् का न करावी? वीरधवल झाला तवा मला टायफॉइड झाला. दोन महिने मी साताऱ्याच्या दवाखान्यात. तिचा जयराज चार महिन्यांचा व्हता. एका बाजूला जयराज, एका बाजूला माझा वीरधवल, असं अंगावर पाजून तिनं माझं पोर जगवलं. तर हळदीला पाटावर वीरधवल बसलेला, सवाष्णी एकेक करून हळद लावतायत, आन् अंजना आली पुढं. इसरली बिचारी आनंदात. दोन बोटं हळदीत बुडवली आन् हात पुढं केला.

मी तिचं मनगाट धरलं. सगळ्या मांडवासमोर. म्हणलं, "तू थांब गं मागं. कळत न्हाई का?"

बास, एवढंच बोलले. तिनं माझ्याकडं बघितलं. बोटाची हळद पदराला पुसली, वाटी खाली ठेवली आन् फरशीवरनं निघून गेली. वीरधवल पाटावरनं उठाया लागला तर मी त्याला दाबून बशिवला. अपशकुन नको, पोराचं चांगलं व्हावं, एवढंच माझ्या डोक्यात. मुडदा बशिवला माझ्या डोक्याचा!

वाटलं, चार दिसांनी येईल. न्हाई आली. मग वाटलं, मी थोरली, मी कशी जाऊ? तिनं यावं. सुंभ जळला तरी पीळ जाईना. असं करता करता चार वर्सं गेली आन् आमचं मालक गेले. तवा आली ती. बारा दिस माझ्या चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या, शे-दीडशे माणसांच्या. माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. मीबी न्हाई. तेराव्याला परात घासून पालथी घातली आन् गेली.

मग मला कळलं. शेजारच्या बारशाला गेले, पाळण्यातल्या पोरीला बगायला वाकले, तर एक कालची आलेली सून म्हणती, "आजी, तुमी नंतर या." सगळ्यांपुढं. मी घरी आले आन् दार लावून मोठ्यानं रडले. मालक गेले तवा एवढी रडले नव्हते. तवापास्नं मला अंजनाला एकच बोलायचं व्हतं. "चुकलं गं माझं." तीन शब्द. उंबऱ्यापतूर यायचे आन् परत फिरायचे.

पाच वर्सामागं मी चालायला लागले, तवा पंधरा दिसांतच पल्याडच्या काठाला अंजना दिसली. डोक्यावर पदर, हातात काठी. मी म्हणलं, असंल कामाला निघाली. दुसऱ्या दिशीबी दिसली. तिसऱ्या दिशीबी. माझ्याकडं बगायची न्हाई. मीबी बगायची न्हाई. बगायचं न्हाई म्हणजे काय, डोळ्याच्या कोपऱ्यातनं सगळं दिसतंय की! मधी वीस पावलांचं पाणी. मी थांबले की ती थांबायची, उगंच करंजाचं पान तोडल्यासारखं करायची. ती बसली की माझ्या चपलेत खडा जायचा. कृष्णेपतूर जायचं, तिथं तिनं तिच्या काठाला, मी माझ्या काठाला उलीसं टेकायचं आन् माघारी. पाच वर्सं असं. गाव म्हणायचं, दोघी येड्या. म्हणंना का.

एक दिस ती आली न्हाई की माझा तास सरायचा न्हाई. एकदा तिला ताप व्हता, आठ दिस दिसली न्हाई, तर मी घरला जाऊन देवाला शिव्या घातल्या. रोज ठरवायची, आज हाक मारू. घसा खाकरायची. तिकडं ती मान वळवते की काय असं वाटायचं. आन् मी खोकल्यासारखं करून पुढं जायची. थोरली ना मी! थोरलेपण काय चुलीत घालायचंय का?

गेल्या वर्सापास्नं तिचं चालणं बदललं. मधीच थांबायची, मागं बगायची. एकदा एका पायात चप्पल, एका पायात तिच्या सुनेची सँडल. मला हसू आलं, मग आलं न्हाई. चक्कीवर तिची सून स्वप्नाली भेटली. ती माझ्याशी बोलती, पोरगी गुणाची हाय. म्हणली, "आत्या इसरत्यात वो थोरल्या आत्या. परवा दिवाबत्तीच्या येळंला मला म्हणाल्या, तू कुणाची? डॉक्टर म्हणत्यात, मेंदूचं दुखणं हाय, हळूहळू वाढणार." मी म्हणलं, "सोंग करती ती. सुनेला कामाला लावायची सोंगं हाईत." असं बोलून पिठाचा डबा उचलून निघाले. वाटंत डबा कलंडलेला कळलाबी न्हाई, निम्मं पीठ रस्त्याला. सोंग नव्हतं हे मला ठावं व्हतं. पर खरं धरलं तर मग उशीर झाला असं झालं असतं. तेवढं मला नको व्हतं.

त्या दिशी ठरवलं. आता मान-पान गेला खड्ड्यात. हाक न्हाई मारायची, फरशीवरनं जायचं, तिच्या म्होरं उभं राहायचं आन् बोलायचं. तरी त्यातबी चार दिस गेले. आज पोट बरं न्हाई, आज अमुशा हाय. माणूस लय हलकट जात!

पाचव्या दिशी सकाळी गेले. माघ व्हता, पाणी कमी, फरशी सगळी उघडी. अंजना पल्याड नदीच्या तोंडाला दगडावर बसली व्हती. एकटीच. मी पदर खोचला आन् फरशीवर पाय ठेवला. फरशी धरून तिच्या दगडापतूर चाळीस पावलं असतील नसतील. पल्याडचा काठ जवळनं कसा दिसतो हेच मी इसरले व्हते. तिनं काठाला अळू लावलंय, झेंडू लावलाय. माझ्या काठाला सगळी घाणेरी.

जवळ गेले. म्हणलं, "अंजना."

तिनं वर बघितलं. अगं बया, किती वाळली व्हती! पर तोंडावर हसू. मला बगून हसली, तेरा वर्सांनी. मला वाटलं, जिंकलं. उगंच भ्याले एवढी.

"बसा की," ती म्हणली आन् दगडावर सरकून जागा दिली.

मी बसले. खांद्याला खांदा लागला. आता मागं फिरायचं नव्हतं. पाण्याकडं बगत एका दमात बोलून टाकलं. "चुकलं गं माझं. हळदीच्या दिशी तुझा हात धरला, ते चुकलं. माझ्या पोराला तू दूध पाजलंस आन् मी तुला माणसांत मागं सारलं. लय मोठं पाप झालं. आजवर तोंड न्हाई झालं मला."

मी तिच्याकडं बघितलं तर ती माझ्याकडं बगत व्हती, पावण्याकडं बगावं तसं.

"आवं, तुमचं काय चुकलं?" ती म्हणली. "आपण कवा भेटलोय का? कुणाच्या तुमी? वाईच्या का?"

मी म्हणलं, "मी बनुबाई. तुझी जाऊ."

तशी ती हसायला लागली. "चेष्टा करताय व्हय! आमच्या आक्का मला ठाव्या न्हाईत व्हय? त्या पल्याडनं येत्यात." आन् काठीनं तिनं माझा काठ दाखवला. मोकळा. "रोज येत्यात. त्या येत्यात म्हणून तर मी येते. न्हाईतर मला कुठं चालवतंय आता? गुडघं धरत्यात. पर त्यांच्या पाठीमागं कोण हाय वो? पोरगं लांब, मालक न्हाईत. एकटं चालू नये बाईमाणसानं. म्हणून मी हिकडनं चालते. त्यांना बगायची चोरी, म्हणून मीबी बगत न्हाई."

मी रडाया लागले. तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. म्हणली, "रडू नका. तुमच्याबी घरात काय झालंय व्हय? असतं सगळ्यांच्यात. आक्का रागावल्यात माझ्यावर. माझंच चुकलं. पोराच्या हळदीला मी हात पुढं केला. कळायला नको व्हय मला? त्यांना चार माणसांत बोलावं लागलं माझ्यामुळं."

"तुझं न्हाई चुकलं गं," मी म्हणलं. "तिचं चुकलं, त्या थोरल्या भवानीचं."

"ए!" ती एकदम ताठ झाली. हात काढून घेतला. "आमच्या आक्काला काय बोलायचं न्हाई. कुणीबी असा तुमी."

मग उठली, काठावर गेली, डोळ्यावर हाताची झापड धरून पल्याड बगाया लागली. "आज येळ झाला वो. अजून आल्या न्हाईत. बरं न्हाई का काय त्यांना?" तिचा जीव असा खालीवर व्हायला लागला की मला बगवंना. पाण्यात उतरते की काय असं वाटलं. मी धरायला गेले तर माझा हात झटकला. "सोडा वो! जाऊन बगून येते मी."

आता काय करावं? मी तिथंच व्हते, तिच्या हाताला हात लावून, आन् ती माझी वाट बगत व्हती. मी म्हणलं, "तुमी बसा. मी त्याच बाजूला चाललीया. आक्काला लावून देते."

"जाल? लय उपकार हुतील," ती म्हणली. "सांगा त्यांना, अंजना हितंच हाय म्हणावं."

मी फरशीवरनं माघारी आले. जाताना चाळीस पावलं व्हती, येताना किती व्हती देव जाणे. माझ्या काठाला चढले, डोळं पुसलं, डोक्यावर पदर घेतला आन् नदीच्या तोंडाला जाऊन उभी राहिले, रोज जिथं राहते तिथं. पल्याड अंजनानं मला बघितलं. लगीच मान फिरवली. पर तेवढ्यात तिचं तोंड दिसलं मला. एवढं हायसं वाटलेलं तोंड मी जन्मात बघितलं न्हाई.

मग मी हाक मारली. अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी. "अंजेऽऽ! चुकलं गं माझं! हळदीच्या दिशी माझं चुकलं!"

तिच्या हातातली काठी पडली. "आक्का?" म्हणली. "आक्का, बोललासा? माझ्याशी बोललासा?" आन् तोंडात पदर धरून हमसून हमसून रडाया लागली. मीबी रडले. ती म्हणली, "न्हाई वो आक्का, माझ्या मनात काय न्हाई." उसाला पाणी पाजणारा गडी खोरं टाकून आमच्याकडं बगत उभा राहिला. बगंना का! मला वाटलं, सुटले बाई. एकदाची सुटले. घरी येऊन मी तेरा वर्सांत पैल्यांदा दोघींच्या नावानं शेवयाची खीर केली आन् एकटीनं खाल्ली.

दुसऱ्या दिशी सकाळी लवकर गेले. पल्याडनं अंजना आली. मी हात वर केला. तिनं मान खाली घातली. डोळ्याच्या कोपऱ्यातनं माझ्याकडं बघितलं आन् रोजच्यासारखी, माझ्या पावलाला पाऊल ठेवून, गप चालाया लागली. कालचं काय म्हणजे काय तिच्याकडं नव्हतं. हळदीचा दिस तेवढा व्हता. मी थांबले, तशी तीबी थांबली आन् करंजाचं पान तोडल्यासारखं करायला लागली.

मी घसा खाकरला आन् परत हाक मारली.